पांडवलेणी: जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या लेण्याची नक्कल का केली असेल?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, लांबलाय, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आईला घेऊन पांडवलेण्याला गेलो होतो. नाशिकमध्ये जन्म गेला, मुंबई-आग्रा हायवेवरून जाताना तो डोंगर हजार वेळा दिसतो, फाळके स्मारकापर्यंत जाणं होतं आणि तिथूनच परत फिरतो. यावेळी आईनेच हट्ट धरला, गुडघे दुखतात तरी पायऱ्या चढली. वर 24 लेणी आहेत, आम्ही निवांत बघत होतो. 10 नंबरच्या लेण्यातून बाहेर आल्यावर आई म्हणाली, "अरे हे तर मघाशी बघितलंच की आपण." मी म्हटलं नाही, मघाशी 3 नंबर बघितलं. ती म्हणाली मग दोन्ही एकाच माणसाने केली असतील.

आणि मी तिथेच अडकलो. कारण दोन्ही एकाच माणसाची नाहीत, दोन्ही एकमेकांच्या दुश्मनांची आहेत! 10 नंबर क्षहरात घराण्याचा क्षत्रप, म्हणजे शक सत्ताधीश, नहपान याच्या जावयाचं, उषवदाताचं. 3 नंबर गौतमी बलश्रीचं, म्हणजे ज्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, नहपानाचं घराणं संपवलं त्याच्या आईचं. आधी 10 झालं, मग लढाई, मग 3. आणि तरीही दर्शनी भाग तोच. पुढे खांबांची रांग, दोन्ही टोकांना भिंतीत अर्धे खांब, खांबांवर उलट्या घंटेसारखा आकार, त्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी, आत चौकोनी मोठा हॉल आणि तीन बाजूंना भिक्खूंच्या कोठड्या, समोरच्या भिंतीवर कोरलेला स्तूप. दहामध्ये 16 कोठड्या, तीनमध्ये 18. ती दोनची वाढ सोडली तर आराखडा जवळजवळ तोच.

आता आपल्या डोक्यात जिंकणारा म्हटलं की पाडापाडी येते. मूर्ती फोडा, नाव खरवडा, राजवाडा जाळा. इथे गौतमीपुत्राच्या माणसांना 10 नंबर लेणं सहज उद्ध्वस्त करता आलं असतं, चालत पाच मिनिटांवर आहे, तिथे शत्रूच्या जावयाच्या दानाच्या मोठमोठ्या ओळी भिंतीवर आहेत आणि त्या आजही आहेत. त्या राहू दिल्या आणि त्याच डोंगरात, त्याच पद्धतीचं, थोडं मोठं लेणं शेजारी खोदलं. का? मला हे खरंच कळून घ्यायचंय. जाणकारांनी लिहा.

---

चांदीचं_नाणं:

गोदाकाठ, धागा मस्त. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला नाण्यात दिसतं.

1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, 13 हजारांच्या वर नाणी, सगळी नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी आणि खरोष्ठीत "रञो छहरातस नहपानस". म्हणजे एका चार आण्याएवढ्या चांदीच्या तुकड्यावर तीन लिप्या! आता गंमत पुढे आहे. त्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलाय. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, सोबत स्वतःचं नाव, "रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस". चांदी वितळवून नवी नाणी पाडली असती तर नहपानाचं नावनिशाण राहिलं नसतं. पण ती वितळवली नाहीत, जुन्या चेहऱ्यावरच ठोकलं. मी अशी ठोकलेली नाणी हातात धरून बघितलीत, डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक डोकावतं, कानाजवळचे केस दिसतात, ग्रीक अक्षरांची अर्धी ओळ राहिलेली असते.

व्यवहार बघा ना. नहपानाच्या चांदीवर बाजाराचा विश्वास बसलेला होता, वजन माहीत, कस माहीत. ती बंद करून लोकांना कशाला अडचणीत टाका, नुसतं सांगा की आता मालक बदलला. लेण्याचंही तेच झालं असेल असं मला वाटतं. लोकांच्या डोळ्यात बसलेला आकार घेतला आणि त्यावर आपला ठसा मारला.

---

नाणेघाटी:

मी ट्रेकर माणूस, इतिहासाची डिग्री नाही, पण या घाटांमधून इतकी वर्षं फिरलोय की लढाई कशासाठी होती ते पायांना कळतं.

नाणेघाट बघा. वर जुन्नर, खाली कल्याण-सोपाऱ्याकडे जाणारी वाट. बैलांच्या पाठीवर माल घालून घाट चढवायचा, वरती तो दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकायचे असं सगळे सांगतात. वरच्या गुहेत सातवाहनांनी आपल्या घराण्याच्या मूर्ती कोरल्या होत्या, सिमुक, राणी नायनिका म्हणजे नागनिका, सातकर्णी, राजकुमार, महारठी. आज मूर्ती नाहीत, डोक्यावरची नावं आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा लेख, दोन अश्वमेध केले, राजसूय केला, दक्षिणा म्हणून हजारांनी गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी. विचार करा, ही यादी राजधानीत पैठणला नाही कोरली, घाटात कोरली! जिथून देशोदेशीचा व्यापारी घाम पुसत वर येणार आणि विसाव्याला बसणार तिथे. त्याला वाचता येवो न येवो, मूर्ती दिसणारच.

आणि हे सगळं नंतर क्षत्रपांच्या हातात गेलं. जुन्नरलाच मानमोडीच्या लेण्यात नहपानाचा अमात्य म्हणजे कारभारी अयम याचा लेख आहे, वर्ष 46 चा. म्हणजे सातवाहनांच्या घरात क्षत्रपांचा कारभारी बसलेला. त्याच सुमाराचं एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याचं टिपण आहे, पेरिप्लस म्हणतात त्याला. त्यात लिहिलंय की कल्याण आधी चांगलं रीतसर बंदर होतं, आता तिथे अडवणूक आहे, चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच तर पहाऱ्यात भडोचला नेतात. भडोच नहपानाचं. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांमधून भडोचलाच जायचं, पैठण ते भडोच 20 दिवसांची वाट. कल्याण जवळ असताना माल तिकडे वळवलेला! ही आर्थिक नाकेबंदीच झाली ना. मग गौतमीपुत्र का उठला ते वेगळं सांगायला नको.

---

लिपी_शिकतेय:

गोदाकाठ, मी गेली तीन वर्षं ब्राह्मी शिकतेय, 3 नंबर लेण्यातला बलश्रीचा लेख माझा सगळ्यात आवडता. गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या 19 व्या वर्षी कोरलाय, म्हणजे गौतमीपुत्र तेव्हा गेलेला. आई मुलाबद्दल लिहितेय हे लक्षात ठेवून वाचा, मग त्यातला प्रत्येक शब्द वेगळा लागतो.

"खखरातवसनिरवसेसकरस", खखरातांचा म्हणजे क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. "सातवाहनकुलयसपतिथापनकरस", सातवाहन कुळाचं यश परत उभं करणारा. "तिसमुदतोयपीतवाहनस", ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. इथपर्यंत सगळं युद्धाचं आहे. पण त्याच दमात, त्याच लांबलचक वाक्यात पुढे येतं, "कितापराधे पि सतुजने अपाणहिसारुचिस", म्हणजे अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणं ज्याला आवडत नव्हतं असा. आणि आईची सेवा कधी न चुकवणारा, नगरातल्या लोकांच्या सुखदुःखात सारखाच सहभागी, धर्माने घेतलेलेच कर खर्च करणारा.

एकीकडे वंश निःशेष केला आणि दुसरीकडे जीव घेणं आवडत नव्हतं. मी आधी याला विसंगती समजत होते. आता वाटतं बलश्रीला दोन्ही खरंच म्हणायचं होतं. तिला माहीत होतं की मुलाने काय केलं, आणि ती म्हातारपणी त्याच डोंगरात लेणं देतेय जिथे मुलाने संपवलेल्या घरातल्या बाईनेही दान दिलेलं आहे. हो, 10 नंबरमध्ये उषवदाताच्या बायकोचा, दखमित्रेचा लेख आहे, नहपानाची मुलगी. तिने कोठडी दिली. लेखात शब्द आहेत "कुडुंबिनिय दखमित्राय देयधंमं ओवरको". कुडुंबिनी! आपल्याकडे जुनी माणसं अजून बायकोला "आमचं कुटुंब" म्हणतात. आणि ओवरको म्हणजे आपली ओवरी, देवळाच्या आवारात असते ती. मला हे पहिल्यांदा लागलं तेव्हा अंगावर काटा आला, दोन हजार वर्षांपूर्वीची शक घराण्यातली बाई आपल्या आजीच्या शब्दात बोलतेय.

---

रोखठोक:

सगळं वाचलं, छान आहे, पण थोडं वेगळं बोलू का. इथे राजे, राण्या, जावई, नाणी. डोंगर कोणी फोडला? बलश्री म्हणते मी लेणं दिलं, कैलासाच्या शिखरासारख्या डोंगरावर विमानासारखं. हातात छिन्नी तिने धरली नव्हती. युद्धात कोण मेलं, कोणाचं शेत तुडवलं गेलं, त्याचा कुठे शब्द आहे का? मला कायम असं वाटतं की सत्तेने केलेली कला बघताना आपण सत्तेचंच कौतुक करत बसतो. राग नको, पण हे बोलणं गरजेचं आहे.

---

लिपी_शिकतेय:

रोखठोक, राग कशाचा, योग्य प्रश्न आहे, आणि उत्तर त्याच 3 नंबर लेण्यात आहे.

व्हरांड्याच्या भिंतीवर गौतमीपुत्राच्या दोन सरकारी आज्ञा कोरल्यात. पहिली त्याच्या 18 व्या वर्षाची, विजयी सैन्याच्या छावणीतून नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेली. लढाई नुकतीच संपलेली असणार. काय म्हणतो राजा? पश्चिमेकडच्या कखडी गावातलं जे शेत आजवर उसभदत म्हणजे उषवदात खात होता, ते 200 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत आम्ही तेकिरसी म्हणजे याच त्रिरश्मी डोंगरावरच्या प्रव्रजितांना, भिक्खूंना देतो. सोबत सवलती, राजाच्या माणसांनी त्यात शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. शत्रूच्या जावयाचं शेत जप्त केलं आणि भिक्खूंना दिलं, इतकं साधं.

दुसरी आज्ञा 24 व्या वर्षाची, सहा वर्षांनंतरची. आणि आता यात राजमाताही बोलतेय, राजाबरोबर तिचंही नाव आहे. काय म्हणते आज्ञा? आम्ही आधी भिक्खूंना कखडी गावात शेत दिलं होतं, "त च खेत न कसते, सो च गामो न वसति". ते शेत कसलं जात नाही आणि ते गाव वसत नाही. म्हणून आता नगराच्या हद्दीवरचं आमचं राजाचं शेत आहे त्यातली 100 निवर्तनं देतो.

हे परत वाचा. गाव वसत नाही. लढाई जिंकून सहा वर्षं झाली आणि गाव ओस आहे, जमीन पडीक आहे. कुठे गेली ती माणसं, लेख सांगत नाही. पण तुम्ही विचारलंत की युद्धात तुडवलेल्या शेताचा कुठे शब्द आहे का, तर आहे, आणि तो जिंकणाऱ्या राजानेच स्वतःच्या लेण्यात कोरून ठेवलाय. बलश्रीच्या त्या प्रशस्तीच्या जवळच.

---

रोखठोक:

हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. "गामो न वसति"... दोन दिवस हेच डोक्यात राहणार. माझ्या आजोळचं गाव धरणात गेलं, पुनर्वसनात जमीन मिळाली ती सुरुवातीची काही वर्षं कोणी कसलीच नाही, कारण माणसंच विखुरली. कागदावर जमीन असते, गाव नसतं.

---

टाकीवाला:

आमचं घराणं पाथरवटाचं, आजा जाती-पाटे करायचा, मी आता देवळांची कामं करतो. रोखठोक भाऊंनी हाताचं विचारलं म्हणून लिहितो, लिहायची सवय नाही.

लेणं बांधत नाहीत, लेणं काढतात. वरून खाली यायचं. आधी छताची पातळी धरायची, मग खांबाचं डोकं, मग अंग, शेवटी पाय आणि जमीन. म्हणजे खांबावरचा प्राणी आधी झाला आणि खालची जमीन नंतर. देवळाच्या कामात दगड चुकला तर दुसरा आणता येतो, इथे एक टवका जास्तीचा उडाला की गेला तो गेला. आणि आपला काळा दगड, सह्याद्रीचा, टाकीची धार तासाभरात मारतो, सोबत लोहाराचा भाता पेटता ठेवावाच लागतो.

मी 10 आणि 3 दोन्ही बघितलीत, माझ्या नजरेने सांगतो. 10 मधल्या खांबावरच्या घंटा जास्त डौलदार आहेत, गळा सुटलेला आहे, रेष एका दमात आल्यासारखी वाटते. 3 मधलं काम भरघोस आहे, दारावर तर नुसती दाटी आहे, सांचीच्या तोरणासारखं दार कोरलंय, दोन्ही बाजूला हातात फुलं घेतलेले द्वारपाल. पण घंटा तेवढी मोकळी नाही. मला वाटतं आधीच्या पिढीतल्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी हे केलं असणार. वळण तेच, हात वेगळा. आमच्यातही असंच असतं, बापाच्या हातची नंदीची मान आणि लेकाच्या हातची, ओळखू येते.

आता तुमचा मूळ प्रश्न, नक्कल का केली. अहो राजा बदलला म्हणून पाथरवट बदलत नाही. गोवर्धनला जे कारागीर होते तेच राहिले. नवीन मालकाने सांगितलं असेल त्याच्यासारखं पण मोठं करा. गिऱ्हाईक आजही असंच बोलतं, अमुक गावच्या देवळासारखं, पण त्याच्यापेक्षा वरचढ.

एक गोष्ट मात्र 3 ची स्वतःची आहे. ओट्याच्या खाली समोरून बघा, पायऱ्यांच्या दोन्ही अंगाला तीन-तीन धिप्पाड यक्ष खांद्यावर तुळया घेऊन उभे आहेत, कमरेपर्यंत जमिनीतून वर आल्यासारखे. सगळं लेणं त्यांनी उचललंय असं दिसतं. ज्याने ते कोरले त्याला वजन म्हणजे काय ते ठाऊक होतं. खांदे बघा त्यांचे, दाबलेले आहेत.

---

गोदाकाठ:

टाकीवाला दादा, नमस्कार तुम्हाला. ती यक्षांची रांग मी बघितली आणि फोटो काढून पुढे गेलो, खांद्यांकडे लक्षच दिलं नाही. वरून खाली खोदतात हे वाचलं होतं पण मग यक्ष सगळ्यात शेवटी झाले असणार हे आत्ता उमगलं. आधी ओझं आणि मग ते उचलणारे.

---

येवल्याची:

मी येवल्याची, घरात माग आहे, मामा-काका सगळे पैठणीत. इथे विणकरांचं कोणी काही बोललं नाही म्हणून मी बोलते.

10 नंबरच्या लेखात उषवदाताने 3000 कार्षापण दिलेत ते नुसते दानपेटीत नाही टाकले. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे ठेवलेत, लेखात कोलिकनिकाय म्हटलंय. एका श्रेणीकडे 2000, महिना शेकडा 1 व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे 1000, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. आणि 2000 च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात राहणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. आता हिशोब मांडा, 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्खू गुणिले बारा, 240. एक पैसा इकडे तिकडे नाही! आणि हे निगमसभेत ऐकवलं, फलकावर नोंदवलं असंही लिहिलंय. माझ्या वडिलांनी हे ऐकलं तेव्हा म्हणाले ही तर आपली एफडी.

पण मला जे सांगायचंय ते पुढे. आज विणकराला कोणी उधार द्यायला तयार नसतं. एका पतसंस्थेने माझ्या काकांना मागावर कर्ज नाकारलं, म्हणाले तुमच्या धंद्याची खात्री काय. आणि तेव्हा राजाचा जावई आपले पैसे कायमचे विणकरांकडे ठेवतोय, म्हणजे त्याला खात्री होती की राजा जाईल, आपण जाऊ, पण हे लोक माग चालवत राहतील आणि व्याज देत राहतील. तसंच झालं की. क्षत्रप गेले, गोवर्धनचे लोक आणि तिथले कारागीर कुठे गेले नाहीत.

---

चांदीचं_नाणं:

येवल्याची, तुमचा हिशोब वाचून मी लेखातला दुसरा हिशोब परत करून बघितला. तिथे 70 हजार कार्षापणांच्या दानाची नोंद आहे आणि ते 2000 सुवर्ण म्हणजे सोन्याची नाणी होतात, 35 कार्षापणांना एक सुवर्ण या दराने. भिंतीवर कोरलेला विनिमय दर!

---

शकसंवत:

एक शंका. गौतमीपुत्राने शकांना हरवलं आणि त्या विजयाची आठवण म्हणून शालिवाहन शक सुरू झाला, म्हणून आपण गुढी उभारतो, असं लहानपणापासून ऐकलंय. कुंभाराने मातीचे सैनिक केले, त्यात प्राण फुंकला वगैरे. मग इथे कोणीच त्याचा उल्लेख का नाही केला?

---

लिपी_शिकतेय:

शकसंवत, गोष्ट मलाही आवडते, आमच्या घरीही पाडव्याला सांगतात. पण सातवाहनांच्या लेखांमध्ये शक संवत नाही, ते सगळे राज्यवर्षं देतात, अमुक राजाचं 18 वं वर्ष, 24 वं, 19 वं. 78 साली सुरू झालेला हा संवत शतकानुशतकं वापरला तो पश्चिम क्षत्रपांनी, चष्टनाच्या घराण्याने. त्याला शालिवाहनाचं नाव जोडलं गेलं ते फार नंतर, मध्ययुगात. म्हणजे वर सांगितलेल्या नाण्यासारखंच झालं, कालगणना शकांनी रुळवलेली आणि वरचा ठसा सातवाहनांचा. आपण लग्नपत्रिकेवर शके लिहितो त्या एका शब्दात दोन्ही घराणी नांदतायत.

आणि लढाई गौतमीपुत्रावर संपली असंही नाही. 150 सालचा जुनागढचा क्षत्रप राजा रुद्रदामन्‌चा लेख सांगतो की त्याने दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा उघड हरवलं, पण जवळचं नातं म्हणून उखडून टाकलं नाही. नातं कसलं, तर कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची मुलगी म्हणून येते. ज्यांचा वंश निःशेष केल्याचं सांगितलं ते क्षहरात, हे कार्दमक, घराणं वेगळं, पण क्षत्रपच. एका पिढीत युद्ध, पुढच्या पिढीत सोयरीक.

---

रोखठोक:

मी परत आलोय. कालपासून वाचतोय, आणि माझा मुद्दा पूर्ण सोडत नाही, पण थोडा बदलतो. नावांचं म्हणाल तर कार्ल्याच्या चैत्याचं दार सामी नावाच्या सुताराने केल्याचं कोरलंय, वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटाचा. हे मला आज कळलं. पांडवलेण्यातही 18 नंबरच्या चैत्याच्या दर्शनी भागावर धंबिक गावाचं दान म्हणून लिहिलंय, राजाचं नाही, गावाचं. सांचीला दक्षिणेच्या तोरणावर सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद, त्याचं नाव आहे. आणि तिथेच विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे काम केलं असंही कोरलंय. म्हणजे ज्याला नाव लिहायची ऐपत आणि जागा मिळाली त्याने लिहिलं. ज्याला नाही मिळाली तो यक्षांच्या खांद्यात आहे, टाकीवाला दादा म्हणाले तसं. मला आता ते खांदे बघायचेत.

पण कौतुक करताना कखडी विसरू नका, एवढंच माझं मागणं.

---

नाणेघाटी:

रोखठोक, नाशिकला येणार असाल तर सांगा, मी येतो. सकाळी लवकर चढा, उन्हं पूर्वेकडून आत शिरत नाहीत, लेण्यांची तोंडं बहुतेक उत्तरेकडे आहेत, टॉर्च पाहिजेच. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं.

आणि कार्ल्याचं निघालं म्हणून, तिथेही हेच जप्त-करा-आणि-परत-द्या झालंय. उषवदाताने वलूरकच्या म्हणजे कार्ल्याच्या भिक्खूंना करजिक गाव दिलं होतं. सातवाहन आल्यावर मामाल आहारातलं (आहार म्हणजे तेव्हाचा जिल्हा), आपल्या मावळातलं, तेच गाव सातवाहनांच्या आज्ञेने पुन्हा त्याच भिक्खूंना दिलं. गाव तेच, घेणारे तेच, देणाऱ्याचं नाव तेवढं बदललं.

---

गोदाकाठ:

अपडेट देतो. आज सकाळी परत गेलो, आई परत आली, गुडघ्याला पट्टा बांधून. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मी तिला आठवडाभर रोज रात्री वाचून दाखवत होतो.

3 नंबरला आधी यक्ष बघितले. दादा, खांदे खरंच दाबलेले आहेत, त्यातल्या एकाचा चेहरा झिजलाय पण मानेवरचा ताण दिसतो. मग व्हरांड्यात त्या दोन आज्ञा शोधल्या. मला अक्षर लागत नाही, लिपी_शिकतेय यांनी मेसेजमध्ये काढून दिलेला "गामो न वसति" चा कागद हातात धरून अक्षर जुळवत होतो, "ग" आणि "म" सापडला, पुढचं झिजलंय की मला येत नाही कोण जाणे. आईने त्या ओळीवर बोट न टेकवता बोट फिरवलं.

मग 10 नंबर. समोरच्या भिंतीवर स्तूप होता तिथे पुढे कधीतरी कोणीतरी भैरव कोरून काढलाय, हे मागच्या वेळी माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ठसा मारायचं काम पुढेही चालूच राहिलेलं. आईला मात्र दखमित्रेची ओवरी बघायची होती. व्हरांड्याच्या टोकाला आहे ती कोठडी, दारावर लेख. आई वाकून आत गेली, दगडी ओट्यावर बसली. आत अंधार, वटवाघळांचा वास, बाहेर हायवेवरच्या ट्रकचा आवाज येत होता. मी बाहेरूनच टॉर्च धरला. थोड्या वेळाने ती चौकटीजवळ आली, दाराच्या लाकडासाठी दगडात पाडलेली भोकं आहेत त्यात तिने बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "आतून कडी होती रे याला."